ब्योमी आजींचा म

योगिनी ताजनपुरेला कुठल्याही लिपीची भीती म्हणून वाटत नाही, आणि हे आपल्याला दुसऱ्या कोणी सांगायची गरज पडत नाही, ती स्वतःच सांगते. नाशिक रोडला बिटको चौकातून आत वळलं की तिचं डीटीपीचं दुकान. लग्नपत्रिका, बारशाची निमंत्रणं, निवडणुकीचे फ्लेक्स, दहाव्याची कार्डं, सगळं तिच्याच हातचं. गिऱ्हाईक पत्रिका करायला येतं आणि चहा पिऊन, सोयरीक कशी जमली ते सांगून, वर दोन सल्ले घेऊन जातं. नवरा चंदर नोटांच्या छापखान्यात नोकरीला. त्याला ती येताजाता ऐकवते, "तू छापतोस ते लोक खिशात लपवतात. मी छापते त्यातली पहिली प्रत देवापुढे ठेवतात." चंदर यावर काही बोलत नाही. त्याचं लग्न टिकलंय ते याच गुणावर.

आता तिचा हा तोरा उगीच नाही. जुन्या मराठी फॉन्टांत संगणकाला मराठी कळतच नसे. त्याला वाटे आपण इंग्रजीच लिहितोय. एका बटणाखाली अर्धा क, दुसऱ्याखाली काना, तिसऱ्याखाली रफार, असे सुटे तुकडे लपवलेले असत आणि ते एकेक करून जोडायचे. तीच फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की कीबोर्डावरून मांजर चालून गेल्यासारखं दिसे. योगिनीनं या तुकड्यांत उमेदवारी केली. त्यामुळे तिचं एक तत्त्व पक्कं होतं: लिपी म्हणजे तुकडे, आणि तुकडे जोडता आले की झालं. दुसरं तत्त्व असं की डोक्यावरची रेघ तुटता कामा नये. रेघ तुटलेली पत्रिका म्हणजे तिच्या मते टिकली न लावलेली नवरी.

तर या योगिनीची भाची सायली, म्हणजे वणीच्या थोरल्या बहिणीची मुलगी. पुण्यात नोकरीला होती, तिथे तिचं जमलं. मुलगा कोरियाचा, नाव हानसोल. वणीत आधी जरा खळबळ झाली, पण हानसोलनं द्राक्षबागेत दिवसभर छाटणी केली, वर ठेचा खाऊन रडत रडत "अजून वाढा" म्हणाला, तेव्हा भावकीनं त्याला पास केलं. मराठी तो सायलीकडून शिकलेला, त्यामुळे लहानथोर सगळ्यांना अरेतुरे करायचा. वणीच्या सरपंचालासुद्धा.

साखरपुड्याला योगिनीनं पत्रिकेचा विषय काढला. पत्रिकेत आणि मांडवात वडीलधाऱ्यांचं नाव सगळ्यात वर हवं, आणि मुलाकडची वडीलधारी एकच होती, त्याची आजी, गो ब्योमी. ती व्हिडिओ कॉलवर होती. पांढरे आखूड केस, डोळे भारी चलाख. तिच्या स्वतःच्या लिपीत नाव कसं लिहायचं विचारल्यावर ती हानसोलला काहीतरी म्हणाली आणि हानसोलचं तोंड उतरलं.

"आजी म्हणते, कागदावर आहे ते ब्योली लिहा. खरं नाव संगणकात नाही."

"संगणकात नाही म्हणजे?" योगिनीनं पदर खोचला.

मग हानसोलनं सायलीची मदत घेत घेत सांगितलं ते असं. त्यांचं एकेक अक्षर म्हणजे एक चौकोनी घर. डावीकडे व्यंजन, उजवीकडे किंवा खाली स्वर, आणि तळघरात वाटल्यास आणखी एक व्यंजन. आजीचे वडील मासेमारी करायचे. मुलगी झाली त्या दिवशी होडीवर लाट आपटली ती त्यांना "ब्योम" अशी ऐकू आली, आणि पुढे ई लावून तेच नाव ठेवलं. डावीकडे ब, उजवीकडे यो, तळघरात म. पुढे कोरियात संगणक आले तेव्हा अक्षरांना नंबर द्यायची वेळ आली, आणि नंबर दिले रोजच्या वापरातल्या घरांनाच. ब्योम कोणाच्या वापरात? एका बाईच्या. त्या घराला नंबरच मिळाला नाही. बँकेतली मुलगी ब दाबायची, यो दाबायची, दोघं शहाण्यासारखी एका घरात बसायची, आणि म दाबला की तो दाराबाहेर पडायचा. शेवटी ती मुलगी म्हणाली, आजी, ब्योली लिहू का, ब्योल म्हणजे चांदणी, किती गोड नाव आहे. तेव्हापासून बँकेत ब्योली, दवाखान्यात ब्योली, सगळीकडे ब्योली.

"आता नवीन संगणकात सगळ्या घरांना नंबर आहेत," हानसोल म्हणाला. "पण आजी ऐकत नाही. मी हातानं लिहून देतो म्हटलं तर म्हणते, हातानं कोणीही काढेल, माझ्या बापानं होडीवर डांबरानं काढलं होतं. नाही म्हणाला तो संगणक. त्यानं हो म्हणावं, मग मानेन."

झालं. योगिनीच्या अंगात आलं. भरल्या मांडवात ती उभी राहिली आणि मोबाइलच्या पडद्यावरच्या आजीला म्हणाली, "संगणकच लिहील, आजी. माझ्या भाचीच्या लग्नात, तुमच्या डोळ्यांदेखत. हा योगिनीचा शब्द." सायलीनं भाषांतर केलं. आजी हसली नाही, पण मान हलवली. चंदरनं तोंडात घातलेला पेढा तसाच धरून ठेवला, कारण बायकोचा शब्द म्हणजे काय प्रकरण असतं ते त्याला माहीत होतं.

हानसोलनं नाव टाइप करून फाइल पाठवली. त्याच्या संगणकाची खोड अशी की तो घरं मोडून सुटे तुकडे ठेवायचा आणि दाखवताना जोडून दाखवायचा. योगिनीचा जुना संगणक कुठला जोडतोय, त्यानं ब, यो, म रांगेत उभे केले, बसस्टॉपवर उभे राहतात तसे. दुसरी कोणी असती तर फोन करून विचारलं असतं. योगिनीला मात्र माहेरी आल्यासारखं वाटलं. "अय्या, हे तर आपल्यासारखंच, तुकडे तुकडे," ती म्हणाली आणि लागली जोडायला. ब उचलला, त्याच्या शेजारी यो टेकवला, म खाली बसवला, मापं सारखी केली. जमलं. आणि लांबून बघितलं तर काहीतरी ओकंबोकं वाटत होतं. तिनं मान वाकडी करून बघितलं, डोळे बारीक करून बघितलं, आणि मग लक्षात आलं.

तिनं डोक्यावर छान जाडसर रेघ मारली.

चंदर कामावरून आला तर बाई स्वतःवरच खूश. "कसं दिसतंय?" चंदर म्हणाला, "बंगाली." तिनं त्याला आत पाणी प्यायला पाठवलं आणि फोटो हानसोलला धाडला. हानसोलचा फोन आला. आधी बराच वेळ नुसता हसत होता.

"मावशी, तू बादलीला झाकण लावलंस."

त्यांचा ब असतो वरून उघडा, बादलीसारखा, मध्ये एक आडवी दांडी. रेघ मारल्यावर बादली बंद झाली आणि असं अक्षर तयार झालं जे कोरियात कोणी जन्मात पाहिलेलं नाही. योगिनी म्हणाली, "रेघेशिवाय अक्षर उभं राहतं तरी कसं?" हानसोल म्हणाला, "आमची अक्षरं बसतात मावशी, उभी राहत नाहीत." आणि शिवाय, त्यानं हळूच सांगितलं, हे तर तू काढलंस. आजीला संगणकानं लिहायला हवंय. तुझ्या संगणकाला हे चित्र वाटतंय, अक्षर नाही.

खरं होतं ते. वीस वर्षं जुन्या फॉन्टांत तिनं हेच केलं होतं, संगणकाला न कळू देता मराठी लिहिलं होतं.

मग ती शिकायला बसली. बाई हट्टी, पण शिकायचं म्हटलं की लाज गुंडाळून ठेवते, हा तिचा गुण घ्यावा. सायली आणि हानसोल फोनवर सांगायचे आणि ही पत्रिकांच्या कागदांवर मागच्या बाजूला घरं काढायची. तिला उमगलं ते असं: कोरियाच्या लोकांनी दुसऱ्या खेपेला चूक केली नाही. बाराखडीच मांडली अख्खी. पहिलं व्यंजन धरायचं, त्याला सगळे स्वर लावायचे, प्रत्येकाच्या तळघरात सगळी व्यंजनं घालून बघायची, एकदा तळघर रिकामंही ठेवायचं. अकरा हजारांच्या वर घरं झाली, सगळ्यांना ओळीनं नंबर. त्यातली निम्म्याहून जास्त जन्मात कोणी वापरणार नाही. पण नंबर आहेत. क्रम असा चोख की तीन तुकडे सांगा, नंबर नुसत्या हिशेबानं निघतो. आणि नवा संगणक हे दोन्ही समजतो, घराचा नंबर दिला तरी आणि सुटे तुकडे दिले तरी, फक्त दोन्ही एकच आहेत हे त्याला शिकवलेलं लागतं.

"आणि आपलं?" तिनं विचारलं.

सायली म्हणाली, आपल्या कि ला नंबरच नाही, मावशी. क चा वेगळा, वेलांटीचा वेगळा. वेलांटी दिसते आधी, पण संगणकात बसते क च्या मागे.

योगिनी हे ऐकून इतकी हरखली की दुकानात आलेल्या प्रत्येकाला सांगत सुटली. दहाव्याचं कार्ड करायला आलेल्या माणसालाही सांगितलं. "अहो, वेलांटी मागून येते आणि पुढे बसते, आमच्या सासूबाई एसटीत बसायच्या तश्शी." तो बिचारा दुःखातला माणूस हसून गेला.

सासूबाई, म्हणजे साळूबाई, दुकानाच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून बसायच्या. त्या म्हणाल्या, "हसा, हसा. म्या मागून चढून जागा धरायची म्हनून तुमी बसून जायचे."

दुकानातल्या जुन्या संगणकाला तेही शिकवून झालं, कोरियन कीबोर्ड त्यात बसला. आता फॉन्ट. साधा, सरळ एक फॉन्ट होता, पण लग्नाला साधं कसं चालेल? योगिनीनं शोधून शोधून एक नखरेल फॉन्ट काढला, फुलापानांचा, वेलबुट्टीचा. श्वास रोखून ब दाबला, यो दाबला, म दाबला. पडद्यावर एक छानसा चौकोन आला. आणि तिला माहीत होतं की त्यांचा म म्हणजे चौकोन. ब आणि यो कुठे गेले? ते काय, नखरेल फॉन्टात अर्धं अक्षर दिसत नाही, हे तिला स्वतःच्या अनुभवानं माहीत. आपल्या पत्रिकांवरचा गणपती तरी कुठे पूर्ण दिसतो, सोंड समजून घ्यायची असते.

तिनं पेढे वाटले. अख्ख्या गल्लीत वाटले. आणि त्या चौकोनाचा फोटो "आपलं वऱ्हाड" नावाच्या ग्रुपवर टाकला, ज्यात हानसोलकडचे सगळे होते, आजीसुद्धा होती.

थोड्या वेळानं हानसोलचा फोन आला. या वेळी तो हसत नव्हता. तो चौकोन म नव्हता. फॉन्टात जे अक्षर नसतं त्याच्या जागी संगणक रिकामा डबा दाखवतो, तो होता. नखरेल फॉन्ट करणाऱ्यांनी नेहमीच्या घरांपुरतीच चित्रं काढलेली. नंबर होता, पण नंबराला नेसायला काही नव्हतं.

"आजी काय म्हणाली?" योगिनीनं विचारलं.

"म्हणाली, हो, नवीन संगणकावरही मला हाच चौकोन दाखवतात."

योगिनीनं फोन ठेवला. तिला रडूच आलं. ज्या बाईला जन्मभर दारातून परत पाठवलं, तिला आपण पेढे वाटून परत एकदा परत पाठवलं. त्या दिवशी तिनं गिऱ्हाइकाला चहासुद्धा विचारला नाही. चंदर म्हणाला, जाऊ दे, लग्नात कोण बघतंय. ती म्हणाली, "ती बघतेय." साळूबाईंनी कोपऱ्यातून सुनेकडे पाहिलं आणि नेहमीचा टोमणा मारला नाही, यावरून घरात काय वातावरण होतं ते समजावं.

पत्रिकेत आजीचं नाव शेवटी फक्त मराठीतच छापलं गेलं. लग्न दिंडोरी रोडच्या एका लॉन्सवर. ब्योमी आजी आली, नऊवारी नेसायचा हट्ट धरून नेसलीसुद्धा, आणि योगिनीला भेटल्यावर वाकून नमस्कार केला. चौकोनाचा विषय तिनं काढला नाही. तो तिनं काढला असता तर योगिनीला बरं वाटलं असतं. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. स्टेजमागे तो हल्ली असतो तसा मोठा एलईडी पडदा होता, त्यावर सायली आणि हानसोल गंगापूर धरणाच्या काठी एकमेकांकडे पळत होते, पुन्हा पुन्हा पळत होते. ते चालवणारा रविराज नावाचा पोरगेलासा ऑपरेटर. त्याच्याकडे योगिनी गेली. मागे चंदर, कडेवर दुकानातला संगणक, शालीत गुंडाळलेला. दुसऱ्या कोणाच्या संगणकावर तिचा विश्वास राहिला नव्हता.

"हे जोड," ती म्हणाली.

"मावशी, व्हिडिओ चालूये."

"पळून पळून दमली ती दोघं. जोड."

पडदा पांढरा झाला. वऱ्हाड जेवणाच्या पंगतीकडे निघालं होतं ते थबकलं. योगिनी आजीसमोर गेली, तिचा हात धरला आणि तिला खुर्चीवर कीबोर्डापाशी आणून बसवलं. फॉन्ट साधाच होता या वेळी, एकही फूल नाही. आणि बटणं दाबायची ती आजीनं. हे योगिनीनं मनाशी ठरवलं होतं, मग भले सगळ्यांपुढे शोभा होवो.

आजीनं ब दाबला. पडद्यावर माणसापेक्षा उंच बादली उभी राहिली. वणीकडची मंडळी एकमेकांना विचारू लागली, काय चाललंय, देणगीदाराचं नाव आहे का. आजीनं यो दाबला. तो टुणकन बादलीशेजारी येऊन बसला.

मग आजीचं बोट थांबलं. म च्या बटणावर आलं आणि तिथेच राहिलं. आजीनं वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत स्वच्छ भीती होती. इतकी वर्षं हा इथेच तर बाहेर पडत आला होता. योगिनीला कोरियन येत नव्हतं आणि आजीला मराठी. ती खाली वाकली आणि म्हणाली, "दाबा आजी. पडला बाहेर तर मी त्याला कानाला धरून आत आणते."

आजीनं बटण दाबलं.

ब आणि यो जरा वर सरकले, अंग चोरून बसले, आणि खाली म ला जागा करून दिली. तो चौकोन तळघरात असा निवांत बसला, जसा काही तिथेच राहत होता. एकच घर, तीन माणसं. आजीनं पुढचं अक्षर, ई, टाइप केलं आणि नाव पूर्ण झालं. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं ते पुसलं. पुन्हा टाइप केलं. म पुन्हा आत बसला. मग मात्र तिला राहवेना. ब्योमी, ब्योमी, ब्योमी, सगळा पडदा भरला तरी थांबेना, आणि इतकी हसत होती की नऊवारीचा काष्टा सांभाळायला दोघी लागल्या. वऱ्हाडाला काही कळलं नव्हतं, पण टाळ्या वाजवायला कळावं लागतं थोडंच. बँडवाल्यांनी आपणहून ताशा सुरू केला. योगिनी चंदरच्या गळ्यात पडली, सगळ्यांदेखत, आणि चंदर संगणकाची वायर सांभाळत लाजला.

इतक्यात बायकांनी आजीला घेरलं. लग्नात आनंदलेली बाई दिसली की तिला सोडायची रीत नाही. "नाव घ्या, आजी, नाव घ्या." आजीला कळेना, म्हणून साळूबाईंनी पुढे होऊन दाखवलं:

"गोदामाईच्या पान्यात दिवा सोडते वातीचा,
धोंडीरामरावांचं नाव घेते, मान राखते जातीचा."

बायकांनी "वा वा" केलं. हानसोलनं आजीला सांगितलं, "नाव घ्यायला सांगतायत." कोणाचं, ते सांगायचं तो विसरला, आणि विसरला ते बरं झालं.

आजी ताठ उभी राहिली. पदर नीट केला. मागच्या पडद्याकडे एकदा वळून पाहिलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "गो ब्योमी."

बायका वाट बघत होत्या, पुढे नवऱ्याचं नाव येईल म्हणून. आलं नाही. कोणीतरी हळूच म्हणालं, "अगं बाई, स्वतःचंच घेतलं." दोघीचौघी हसल्या. साळूबाई हसल्या नाहीत. त्या खुर्चीत बसणार होत्या त्या तशाच उभ्या राहिल्या.

"थांबा. मी बी घेते."

"तुम्ही आत्ता घेतलंत की, आत्याबाई," योगिनी म्हणाली.

"ते तुझ्या सासऱ्यांचं घेतलं. आता माझं." त्यांनी खुर्ची मागे सारली. "चिमणा. चिमणा रावजी. आमच्या नांदगावला मला समदे चिमणा म्हनायचे. लगीन लागलं, तांदळात साळू लिवलं, आन् तवापासून कोनी हाक नाय मारली."

चंदर आईकडे बघतच राहिला. त्याला हे नाव माहीत नव्हतं. मामा लोक तिला ताई म्हणायचे, बाकी सगळे साळूबाई. पन्नाशीला टेकलेला माणूस, आणि आपल्या आईचं नाव आज एका लॉन्सवर ऐकत होता. तो आईच्या खुर्चीजवळ जाऊन उभा राहिला.

योगिनी कीबोर्डाकडे गेली. मराठी लावलं. पडद्यावरच्या ब्योमींच्या खाली एक ओळ सोडली. आधी च उमटला, मग वेलांटी आली आणि उडी मारून त्याच्या पुढे बसली, मग म, मग णा. साळूबाईंनी डोळ्यांवर हात धरून एकेक अक्षर लावत वाचलं, शेवटपर्यंत वाचलं, आणि परत पहिल्यापासून वाचायला घेतलं.

ब्योमी आजीनं हानसोलला विचारलं, हे काय लिहिलंय. त्यानं सांगितलं. तिनं तो शब्द तोंडात घोळवला, दोनदा चुकली, तिसऱ्यांदा जमला. मग ती साळूबाईंकडे वळली आणि अंगणातून मैत्रिणीला बोलवावं तशी मोठ्यानं हाक मारली.

"चिमणा."

"ओ," साळूबाई म्हणाल्या.